तीन की दोन

डुलूथच्या उतारावर, सरोवराकडे तोंड करून
एइनो कांगास यांचं घर. रंग पिवळा, म्हणजे होता.
मी टेप घेऊन पोचले तेव्हा
त्यांनी कॉफी दोन कपांत ओतून ठेवलेली
आणि कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं :
बेडरूम तीन.

"तिसरी कुठली?" मी विचारलं.
माझ्या धंद्यात हा प्रश्न
सगळ्यांना विचारतात.

ते मला जिन्याने खाली घेऊन गेले,
चौथी पायरी टाळून.
तळघरात बॉयलरशेजारी फळ्यांची भिंत,
भिंतीमागे खाट, आणि पार वर छताला टेकून
पावाच्या लादीएवढी खिडकी.
तिच्यातून बर्फ दिसतं
आणि शेजारच्या कुत्र्याचे पाय.

टेप लावली.
जमिनीपासून खिडकीच्या कडेपर्यंत एकसष्ट इंच.
चव्वेचाळीसच्या वर चालत नाही.
उघडली असती तरी (रंगाने घट्ट बसली होती)
बंबवाल्याचा एक खांदासुद्धा आत शिरला नसता,
पाठीवरच्या नळकांड्याचं सोडाच.
"नियम आगीचा आहे," मी म्हणाले, "झोपेचा नाही.
बाहेर पडता येतं का, एवढंच तो बघतो."

"रायमो इथे अकरा वर्षं झोपला.
बंदरावर रात्रपाळी. सकाळी सातला यायचा,
बुटांसकट आडवा व्हायचा.
उजेड त्याला नकोच असायचा."
त्याआधी लेम्पीचा भाऊ, खाणीतून काढून टाकलेला,
एक हिवाळा म्हणून आला, चार काढले.
त्याआधी ते स्वतः,
ज्या वर्षी नवराबायकोत बोलणं नव्हतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
माझ्या तक्त्यात पायांना रकाना नाही.
मी लिहिलं : तळघर अर्धवट. जादा खोली, एक.
"जादा" हा शब्द त्यांनी
चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचला.

वरच्या मजल्यावर मग ती दुसरी.
दहा बाय बारा. छत आठ फूट.
खिडकी अशी की बंबवाला शिडीसकट आत यावा.
भिंतीतलं कपाट, आत एकही हँगर नाही.
दाराची पितळी मूठ इतकी स्वच्छ
की माझा हात मला त्यात फुगलेला दिसला.

"इथे कोण झोपायचं?"
"हिल्का."
लेम्पीची बहीण, ओउलूची.
दर वर्षी पत्रात : पुढच्या उन्हाळ्यात नक्की.
दर जूनमध्ये लेम्पी चादर बदलायची.
"बेचाळीस जून," एइनो म्हणाले,
"चादर मळायची कशाने, तरी बदलायची."
"म्हणजे कुणीच नाही."
"हिल्का," ते पुन्हा म्हणाले.

ही धरली. हिच्यात काहीच कमी नव्हतं.

खालच्या भिंतीला भगदाड पाडून, बाहेर खड्डा खणून
खिडकी मोठी करायची तर सात हजार.
मिळतील वर वीस. मी हिशोब मांडून दाखवला.
रायमोही टेक्ससहून फोनवर ओरडत होता, तीनच लिहा, तीन.
एइनोंनी ऐकलं आणि कप विसळला.
"मी जातोय तिथे बेडरूम शून्य," ते म्हणाले.
"स्टुडिओ म्हणतात त्याला.
खाट आहे. मी बसून पाहिली."

रविवारी घर दाखवायला उघडलं.
सहावं गिऱ्हाईक पा न्या लोर, इस्पितळातली नर्स,
रात्रपाळी संपवून सरळ आलेली, गळ्यात अजून ओळखपत्र.
नवरा वर पितळी मूठ फिरवून बघत होता.
ती कुठे दिसेना.
मी खाली गेले, चौथी पायरी टाळून.
ती खाटेवर, पाय बाहेर लोंबकळत, डोळे मिटलेले.

"ही बेडरूम धरत नाहीत," मी सांगितलं.
सांगावं लागतं, कायद्याने.

"माहीत आहे," ती म्हणाली.
डोळे उघडले नाहीत.
"दिवा तेवढा घालवता?"