दहातले चार

द्वारकाबाई पावसे फोन काढतात,
पिशवीतून पिशवी, तिच्यातून फोन,
काचेवर मिठाची बोटं.
हर्णै बंदरावर माझं रिचार्जचं दुकान,
पण ऑक्टोबरात सकाळी सातला
मी हवामान खातं असते.

"ह्ये काय गो?"
सूर्य. ढगाआडून अर्धा.
"आन ह्यो?"
ढगच, खाली एक थेंब. तीन झाले की जोराचा.
"ह्या तीन रेघा?"
धुकं. शेपूट वळलेलं असलं तर वारा.
"कुठला? मतलई का खारा?"
तेवढं नाही सांगत ते.

थेंबाशेजारी चाळीस.
चाळिसाकडे त्या बघतात
लिलावात कुणी भाव पाडावा तशा.
मी समजावते: असे दहा दिवस असले
तर त्यांतल्या चार दिवशी पडतो.
"बरं. मग आजचा त्या दहातला कितवा?"

शाळेत टक्केवारीत मला पैकीच्या पैकी होते.
मी कुणाचं तरी आधार कार्ड
काचेवर पालथं घातलं, झेरॉक्स काढली.

त्यांनी जवळ्याच्या दहा टोपल्या मोजल्या.
सहा वाळूवर पसरल्या,
चार ताडपत्रीखाली.
गणित म्हणून साफ चूक.

साडेअकराला पाजपंढरीवर सर आली,
इथून दिसली,
कुणी वरून पाग फेकावा तशी गोल उघडत.
आमच्याकडे थेंब नाही.
फोनमध्ये दोन्ही गावं एकाच ढगाखाली.

दुपारी वारा पडला. ऊन नाही, पाऊसही नाही,
पसरलेल्या जवळ्याला वास धरू लागला.
"मळभ," त्या म्हणाल्या. "ह्याचं चित्र दाखव."
मी बोट सरकवत शुक्रवारपर्यंत गेले.
ढग होता, ढगावर ढग होता,
ढगात वीजसुद्धा होती.

रात्री शटर ओढताना परत आल्या.
मुलगा होडीवर, रेंजच्या बाहेर.
"आत्ताचं काय दाखवतंय?"
चंद्राची कोर.
त्यांनी फोन हातभर उंच धरला, खऱ्याच्या शेजारी.
गावामागच्या डोंगरावर चतुर्दशीचा,
परातीएवढा,
आणि खाली पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढत होतं.
"ह्याच्यात रोज बीजच," त्या हसल्या,
"ह्याला उधाण कोन सांगनार?"

फोन पिशवीत. पिशवी पिशवीत.
चार पावलं गेल्या, थांबल्या.
"उद्या किती?"
तीस.
"तीन झाकते."