वेलांटीपुरती जागा

ठाण्याच्या तहसिलीत, तळमजल्यावर,
लाल फडक्यात बांधून ठेवलेली आमची गावं.
शिपायाने गोठिवलीची गाठ सोडली
आणि तीनदा शिंकला.

देवस्थळीबाईंनी चष्म्यावर भिंग धरलं.
सन एकोणीसशे एकतीस.
मोडी अशी, की ओल्या चिखलावरून
चिंबोरी चालून गेली असावी.

बाई वाचत गेल्या, वाण्याची यादी वाचावी तशा:
"जोमा बिन धाया. आगरी. वय सुमारे चाळीस.
मरणाचं कारण..."
इथे थांबल्या.

"पान."
त्याच्यापुढे कसरीने पाडलेलं भोक,
तुरीच्या डाळीएवढं.

"पान लागून असेल. म्हणजे साप.
नाहीतर पानी. वेलांटी आली असती
ती नेमकी इथेच."
मी म्हटलं, पाण्याला ण लागतो.
"तलाठी कानाने लिहायचे," बाई म्हणाल्या,
"आणि तुमच्याकडे ण म्हणतं कोण?"
खरं होतं. आमच्या घरात ण आला
तो माझ्या दप्तरातून.

आत्याने सांगितलेलं असं:
आपल्या जोमाला भाताच्या बांधावर पान लागलं,
राबाड्याहून मांत्रिक येईतो ओठ जांभळे.
खालच्या आळीतला जोमा वेगळा,
बाप त्याचाही धायाच.
माणसं फार होती, नावं थोडी.
उधाणात खारीला खांड पडली,
तो उघाडीची फळी धरायला उतरला
आणि सकाळी फळी तेवढी मिळाली.
लग्न झालेलं नव्हतं.

वय लावून पाहिलं, जमेना.
आजोबांच्या दाखल्यावर जन्म एक जून,
गावातल्या अर्ध्या पोरांचा असतो तसा,
मास्तरांनी दिलेला.
त्यावरून बापाचं मरण काय मोजणार?

भावाचा फोन. एजंट त्याच्या शेजारीच होता,
चहाचा कप वाजलेला ऐकू आला.
"हो म्हण नि सही कर.
प्लॉटची फाईल या एका मयताशी अडलीय.
हरकत घ्यायला आहे कोण?"

तेच तर.
हरकत घ्यायला कोणीच नाही.
त्याची खार सेक्टरात गेली,
झोपडीच्या जागी कोणाची तरी गाडी उभी असते,
झाकण घातलेली.
त्याच्या नावावर असली तर ही एक ओळ,
आणि माझ्या पर्समध्ये स्टँपपेपर:
सदर मयत इसम हा माझाच पणजा होय.
त्यातला तो च.
वकिलाने फुकट घातलेला.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.
"काय लिहू?"
मी भोकाला डोळा लावला.
पलीकडून खालच्या पानावरची शाई दिसली,
म्हणजे तिथेही कोणीतरी होतं.

"वाचता येत नाही, असं लिहा."
त्यांनी लिहिलं, अवाच्य.
शिक्का मारला, फुंकर घातली.
फडक्याची गाठ शिपायाला पहिल्यासारखी बसेना,
मी एक टोक धरलं.

घरी आत्या ओट्यावर कोलीम निवडत होती.
"आपलाच का?"
"कलत नय."
भाऊ आतून काहीतरी बोलला, मोठ्याने.
आत्या उठली. हात पदराला पुसले,
गिझरचं बटण दाबलं.
"उशिरा कललं तरी आंघोल लागते."
"पन कोनाची, आत्या?"
"कोनाचा का असंना, मेलाय ना.
डोक्यावरून घे."