तीन टिंबं

अरबीत प नाही.
म्हणून कडप्प्याची पोलम्मा
जलीबच्या ठाण्यात बोलम्मा झाली
आणि तिकीट निघेना.
वकिलातीतला माणूस म्हणतो, अशी बाई आमची नाही.
खिडकीतला हवालदार म्हणतो, अशी बाई इथे नाही.
नसलेली ती
अकरा आठवडे चौतीसजणींच्या खोलीत
पाळीपाळीने निजते.

मी दर सोमवारी जाते. साबण आत जातो,
पॅड जातात, मोजून.
पेन जात नाही.
गुन्हा: मालकिणीच्या घरून पळाली.
पगार मागितला, मग पळाली;
'मग'ला रकाना नाही.

आज सहावा अर्ज.
कुवेतच्या कचेरीबाहेरचा म्हातारा मिसरी टायपिस्ट, हन्ना,
चष्मा कपाळावर सारून विचारतो,
प म्हणजे नेमका कसा?
मी, पन्नाशीची बाई, भर फुटपाथवर
ओठ मिटते, उघडते:
प पतंगाचा.
तो हसत नाही. छापलेल्या ब-खाली
निळ्या शाईने आणखी दोन टिंबं देतो,
फुंकर घालून वाळवतो.

खिडकीतून कागद परत.
खाडाखोड चालत नाही.

जाळीपलीकडून पोलम्मा सांगते,
पुढच्या वेळी हिरवा साबण आण,
निळ्याने अंग खाजतं.

मी लिहून घेते. हिरवा.
त्याच्याखाली: अर्ज सातवा.