नखाएवढं कुलूप

काल रात्री प्रिंटरनं ओळख दाखवली नाही.
शाई काठोकाठ होती, पण परक्या घरची,
स्टेशनमागच्या दुकानातली, साडेपाच पौंडांची.
पडद्यावर अदबशीर इंग्रजीत आलं
की हे तुमच्या भल्यासाठीच चाललंय.

माझ्या भल्यासाठी काय काय चालतं, सांगतो.
स्वयंपाकघरातला दिवा बोटाला जुमानत नाही,
आधी समुद्रापार कुणाला तरी विचारून येतो.
उंटावरून शेळ्या हाकाव्यात
तसे हाकले जातात आमचे दिवे, दारं, वजनकाटे.
मार्चमध्ये एक कंपनी मिटली
आणि दोनशे पौंडांचा स्पीकर
एका मंगळवारी सकाळी वीट झाला.
विटेला निदान भिंतीत जागा असते.

आणि सिनेमे. ‘विकत घ्या’ असं बटण होतं,
मी दाबलं. अकरा वेळा दाबलं.
परवा पत्र आलं, हक्क संपले.
कुणाचे? माझे तर सुरूच झाले नव्हते.
घरमालक निदान दारात येऊन खोकतो तरी.

वसईहून आणलेली नाटकाची डीव्हीडी
इथल्या यंत्रात घातली की यायचं: चुकीचा प्रदेश.
म्हटलं, बाई, मलाही इथल्या एका काउंटरवर
साधारण हेच ऐकवलं होतं,
पण मला निदान पुन्हा रांगेत उभं राहता आलं.

ज्यानं पैसे मोजून डिस्क घेतली
त्यालाच दर वेळी धमकी वाचायला लावतात,
पुढे ढकलताही येत नाही.
ज्यानं चोरली तो थेट सिनेमा बघतो.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
आणि फाशीआधी संन्याशानंच
‘मला मान्य आहे’वर टिचकी मारायची.

मंदाकिनी म्हणते, तुझा राग फार महागडा आहे.
खरं आहे. सगळी बिलं मी तिला दाखवलेली नाहीत.

रविवारी न्यूपोर्टच्या मैदानात, ओल्या गवतावर,
गाड्यांच्या डिक्या उघडून लोक जुनंपानं विकतात.
ग्लेनिसबाईंकडून चार पौंडांना कॅसेट डेक घेतला,
जड, चांदीरंगी, चौऱ्याऐंशी सालचा.
मागे चार स्क्रू,
चारही साध्या पेचकसानं निघणारे.
(हे वाचून ज्याला काहीच वाटलं नाही
त्याच्याशी मला बोलायचं नाही.)

रबराचा पट्टा बदलला. सत्तर पेन्स.
आत एक कॅसेट राहून गेली होती.
बटण दाबलं तर खरखरीतून
एक पुरुष वेल्शमध्ये मोजू लागला:
ईन, दाय, त्री.
मग खोकला. मागे कुणी बाई हसली.
कपबशीचा आवाज.
मग चाळीस मिनिटं चर्चमधल्या समूहगानाची तालीम,
तीही बेसूर.

कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची जीभ
त्यानं तोडून ठेवली होती.
तेव्हाचं कुलूप ते, नखाएवढं.
ज्याचं त्यानं आपल्या हातानं मोडायचं,
यावर पुन्हा कुणी काही भरू नये म्हणून.
आणि मन बदललंच
तर चिकटपट्टीचा एक तुकडा.
आजवर मी मान दिलेलं हे एकच कुलूप.

मी त्या टेपची प्रत काढली.
मी कोण, कुठल्या प्रदेशातला,
कुणीच विचारलं नाही.
मग आणखी एक काढली, उगीच.

पुढच्या रविवारी ग्लेनिसबाईंना मेमरी स्टिक दिली.
त्यांनी ती दोन्ही बाजूंनी न्याहाळली,
चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा न्याहाळली.
‘हे कशात घालायचं?’

इतकी वर्षं मी या विषयावर तावातावानं बोलत आलोय.
त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
गाडीतून डेक उचलून आणला,
कॅसेट आतच ठेवून त्यांच्या डिकीत ठेवला.

पैसे नको म्हटलं तर रागावल्या.
माझ्या तळहातावर एकेक नाणं ठेवत गेल्या:
ईन. दाय. त्री.
पेदवार.

चौथा आकडा टेपवर नव्हता.