लमारा घड्याळ फ्रिजमध्ये ठेवते

कुताइसीत, तिसऱ्या मजल्यावर
लमारा रात्रीचा हिशेब मांडून बसते:
आत्ता डोळा लागला तर पाच तास.
आत्ता, तर साडेचार.
आत्ता —
या वजाबाकीनंच ती पळते, हे तिला ठाऊक आहे.
ठाऊक असून काय उपयोग.

डॉक्टर म्हणाले, झोपेच्या मागे लागू नका.
वख्तांग होता तेव्हा
त्याच्या घोरण्याला बोल तरी लावता यायचा.

आज उठली. टिकटिकणारं घड्याळ
टॉवेलात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं,
चीज आणि आलुबुखाराच्या आंबट चटणीच्या मधे.
दार लावताना हसू आलं, एकटीलाच.

खाली नुगझारनं भट्टी पेटवली.
म्हणजे चार. घड्याळ नसूनही कळतंच.
भट्टीच्या भिंतीला रोटी चिकटते: थप्प. थप्प.
तिनं मोजल्या नाहीत.
म्हणजे, सात मोजल्या, मग सोडल्या.

शाल ओढून खाली गेली.
त्यानं काही न विचारता एक रोटी दिली,
चटका बसेल इतकी गरम.

झोप नाहीच आली.
पण रोटी छातीशी धरून जिना चढताना
पाचव्या पायरीवर
एक लांबलचक जांभई आली,
आणि ती तिनं कुणालाच सांगितली नाही,
झोपेला तर नाहीच नाही.