सूर्याचं नाक

आधी नाक बघायचं.
केवलचंदजी गेलडांनी शिकवलेलं हे पहिलं वाक्य.
होळकरी रुपयावरचा सूर्य आधी नाकावर झिजतो,
मग भुवया, मग गाल,
किरणांची पाळी शेवटी.
आणि दुसरं, त्यांच्या मोडक्यातोडक्या मराठीत:
ठसा मोठा होता, चकती लहान,
अर्धी अक्षरं चकतीबाहेरच पडली.
जे उमटलंच नाही, बाई,
त्याला झिजलं म्हणायचं नाही.

सराफ्यात, चांदीच्या दुकानावरच्या या खोलीत
बावीस वर्षं मी तेवढंच करते.
उत्तरेच्या खिडकीशी टेबल, भिंग,
खाली मऊ फडकं, नाणं निसटलंच तर.
धरायचं ते कडेनं. बोलताना तोंड वळवायचं,
कारण थुंकीचा एक कण
चार वर्षांनी काळा ठिपका होऊन उगवतो.
मग पाकिटावर पेन्सिलीनं:
साधारण. बरं. उत्तम. अतिउत्तम.
'बिनवापराचं' लिहायची वेळ
वर्षातून एकदा, फार तर दोनदा.

काल निमगुळकर आले. रामबागेतले,
विमा कचेरीतून निवृत्त.
मुठीत रुमाल, रुमालात रुपया.
"आईचा. घासूनपुसून ठेवलाय बघा, अगदी नव्यासारखा."
हे वाक्य ऐकलं
की माझ्या पोटात गोळा येतो.

भिंगाखाली सूर्य नव्हताच.
एक गुळगुळीत, पांढरा, गरगरीत उजेड होता.
काठाला कुण्या जुन्या सराफाचा टोचा
तेवढा शाबूत.
"चिंच?"
"चिंच आणि चुलीची राख. दर लक्ष्मीपूजनाला.
पन्नास वर्षं तरी असेल."

राखेच्या रेघा केसाहून बारीक असतात.
तिरप्या उन्हात धरलं की उठतात,
नुकत्याच नांगरलेल्या शेतासारख्या.
या सगळ्या एकाच अंगाला कललेल्या.
सूर्य उभा धरून, दरवर्षी तसाच उभा धरून,
कुणीतरी अंगठा फिरवला होता,
आणि उजव्या अंगठ्याच्या रेघा अशा कलत नाहीत.
मला माहीत आहे. शिकताना मी
चाळीसेक रद्दी नाणी घासून वाया घालवली आहेत.

"आई डावखुऱ्या होत्या?"
"छे. वाढणं, हळदीकुंकू, आरती,
सगळं उजव्यानं. आमच्या आजीपुढं
डावा हात पुढं करायची कुणाची टाप नव्हती."

मी भिंग त्यांच्याकडे सरकवलं.
ते बराच वेळ वाकून राहिले.
खाली वर्ख कुटणाऱ्याची हातोडी चालू होती.
"पूजेच्या आदल्या रात्री," ते म्हणाले
भिंगावरून डोळा न काढता,
"स्वयंपाकघराला आतून कडी लावून घ्यायची.
आम्हाला वाटायचं, लाडू चोरू म्हणून."

मी लिहिलं: घासलेलं. श्रेणी नाही.
किंमत चांदीच्या वजनाची,
अकरा ग्रॅमला थोडं कमी.
"कमी कसं?"
"राखेबरोबर गेलं."
"आणि ते डाव्या हाताचं?"
त्याला रकाना नाही, म्हटलं.
"तरी लिहा."
पाकिटाच्या पाठीवर लिहिलं, पेन्सिलीनंच, बारीक.

विकायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.
येताना मुठीत होता तो रुपया,
जाताना कडेनं उचलला, दोन बोटांत,
रुमाल विसरून.
खाली दागिन्यांची शटरं पडत होती,
त्याच ओट्यांवर भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढत होत्या.

फी त्यांनी वीस रुपये कमी दिली.
नोटा होत्या.
वाजवून काय बघणार.