विमान जाईपर्यंत

बावधनच्या तिसऱ्या मजल्यावर
मी दिवसाला दोनशे मुलं ऐकते.
मुलं म्हणजे फायली. नाव नसतं. इयत्ता असते,
शाळेचा क्रमांक असतो, आणि वीसेक सेकंदांचा आवाज,
टॅबलेटच्या बुडाशी असलेल्या
सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरलेला.

सामंजस्य करारावर तीन सह्या आहेत.
महापालिकेने वर्ग दिले, विद्यापीठाने प्रश्न,
कंपनीने टॅबलेट, आणि त्यावर नखाने न निघणारं स्टिकर.
मला हेडफोन मिळाला. डावा कान जरा कमी वाजतो.

बटणं चार : बरोबर, चूक, अडखळणे, गोंगाट.
माझ्याकडून मशीन शिकणार
मुलांचं मराठी वाचन तपासायला.
आणि मी, सहावीपर्यंत 'साळा' म्हणणारी,
मी 'साळा'ला चूक द्यायची.
या एका शब्दावर पाऊण तास बैठक झाली.
आठल्ये मॅडम म्हणाल्या, ही बोली आहे, चूक नव्हे.
निमिष म्हणाला, मॅडम, काहीतरी एकच ठरवा.
सरवदेसाहेबांनी चहा मागवला.
पाचवं बटण अजून आलेलं नाही.
तोवर मी बरोबर दाबते. पकडलं तर बघू.

गोंगाटात कुकर येतो, भंगारवाला येतो,
खिचडीच्या ताटल्या, कुणाचा तरी खोकला,
तांबोळीबाईंचं 'ए मागचा बाक, हसू नका'.
गोंगाट दाबला की तो पुसला जातो.
बाई पुसताना बोट जरा रेंगाळतं.

मग आली शाळा सदतीस. लोहगावच्या अंगाला. तिसरीतली मुलगी.
'तळ्याकाठी एक बगळा'
आणि पुढे काहीच नाही.
अकरा सेकंद.
'एका पायावर उभा होता.'
मशीन म्हणालं, अडखळणे.
पुढची फाईल, तसंच. त्याच्या पुढची, तसंच.
तिमाही अहवालात सदतीसचा खांब सगळ्यात बुटका,
खाली तिरप्या अक्षरांत : उपचारात्मक वर्ग सुचवण्यात येत आहेत.

मी हेडफोन उलटा घातला, चांगला कान आवाजाच्या बाजूला.
फार खालून, कापड फाटावं तसं काहीतरी.

दोन बस बदलून गेले.
तांबोळीबाई फळ्यावर जोडाक्षर काढत होत्या.
सुखोई आलं. पत्रे थरथरले.
बाईंचा खडू हवेत थांबला, मुलांची बोटं ओळीवर थांबली,
वर कोणीच बघितलं नाही.
एकाने तेवढ्यात गुडघा खाजवून घेतला.
विमान गेलं, आणि सगळ्यांनी वाक्य
जिथे ठेवलं होतं तिथूनच उचललं.

याला ती मंडळी अडखळणं म्हणत नाहीत.
याला कुठलाच शब्द नाही त्यांच्याकडे. रोजचंच आहे.

परत येऊन तीन ओळींचा मेल केला.
मॅडमना त्यात शोधनिबंध दिसला.
निमिष म्हणाला, फिल्टर टाकू.
साहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले,
विमानतळ आपल्या अखत्यारीत येत नाही.

बगळेवाल्या मुलीची शेवटची फाईल काल ऐकली.
धडा संपला होता, लाल ठिपका चालूच राहिलेला.
ती भोकाशी तोंड नेऊन हळूच विचारते,
झालं का? आलं का ऐकू तुला?
टॅबलेटने सुरुवातीलाच आपलं नाव सांगितलेलं असतं,
म्हणून रीतीप्रमाणे ती आपलं सांगते.

सहमतीपत्र, पान चार : नावं काढून टाकावीत.
काढलं. एक पूर्णांक चार सेकंद.
मला ते माहीत आहे, इथेही लिहीत नाही.
तिथे आता शांतता आहे,
आणि नव्या फिल्टरला वाटेल
विमान गेलं असावं.